हक्काचा पैसा आणि चिठ्ठीचा पैसा



आपल्या आरोग्यावर सरकार पैसा खर्च करतं. तो पैसा कोण वाटतं, कसा वाटतं आणि वाटताना कुणाची बाजू घेतली जाते, याविषयी आज बोलायचं आहे. विषय रुक्ष वाटेल. पण घरात कुणाला हॉस्पिटलमध्ये भरती केलं की पहिल्या दोन तासांत आपण याच विषयात बुडालेल्या असतो. कुणी सांगतं, "रेशन कार्ड घेऊन जा, योजनेत बसेल." दुसरी सांगते, "साहेबांचं पत्र आण, त्याशिवाय कुणी विचारत नाही." रात्री अकरा वाजता दोन्ही सल्ले सारखेच वाटतात. पण ते सारखे नाहीत. पहिला आहे हक्काच्या पैशाचा रस्ता. दुसरा आहे चिठ्ठीच्या पैशाचा. आज हा फरक नीट समजून घेऊ.

आपल्या मच्छीमार नगरातल्या बायकांना वाटणी शिकवायची गरज नाही. बोट समुद्रात जाण्याआधीच वाटे ठरलेले असतात. बोटीचा किती, जाळ्याचा किती, तांडेलाचा किती, खलाशाचा किती, हे सगळ्यांना माहीत असतं. मासळी आल्यावर कुणी विचारत नाही की तू कुणाच्या बाजूचा. वाटा कमी आला तर बंदरावरच भांडता येतं, कारण नियम दोघांनाही ठाऊक असतो. सरकारी पैसाही असाच वाटला गेला पाहिजे. काही पैसा तसा वाटला जातोही. काही मात्र वाटणाऱ्याच्या मर्जीने वाटला जातो.

तीन खिसे

आधी हे पाहू, की आपल्या दवापाण्याचा पैसा कुठून येतो. मुंबईत त्याचे तीन खिसे आहेत.

पहिला खिसा महापालिकेचा. वस्तीजवळचा दवाखाना, आरोग्य केंद्र, लसीकरण, प्रसूतिगृहं, आणि केईएम, नायर, सायन, कूपर ही मोठी रुग्णालयं या खिशातून चालतात.

दुसरा खिसा राज्य सरकारचा. आपण ज्यांना जवळची म्हणून जातो ती सेंट जॉर्जेस, जी.टी., बायकांसाठीचं कामा आणि भायखळ्याचं जे.जे. ही सगळी राज्याची आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही राज्याचीच.

तिसरा खिसा केंद्राचा. परळचं टाटा हॉस्पिटल केंद्राच्या अणुऊर्जा विभागाखाली चालतं. आयुष्मान भारत योजना केंद्राची, आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानात केंद्र व राज्य दोघांचा पैसा असतो.

हे पाठ करायचं कारण साधं आहे. जी.टी.मध्ये औषध मिळालं नाही म्हणून नगरसेवकाकडे गेलं, तर तो ऐकून घेईल, फोनही करेल, पण ते औषध खरेदी करणं त्याच्या हातात नाही. नायरमधल्या खाटेसाठी खासदाराकडे गेलं, तर तेही तसंच. कधी कधी तर एकाच सरकारची दोन खाती असतात. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याने आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केले. पण जे.जे. आणि जी.टी. ही वैद्यकीय शिक्षण विभागाची, त्यामुळे तो निर्णय त्यांना लागू नव्हता. केसपेपरच्या खिडकीवर आपल्या बायका भांडत होत्या आणि खिडकीतली बाई "आमच्याकडे नाही" म्हणत होती. दोघींचंही खरं होतं.

पैशाचे दोन प्रकार

आता मुख्य गोष्ट. या तिन्ही खिशांतून पैसा दोन तऱ्हांनी बाहेर पडतो.

एक, नियमाने. अर्थसंकल्पात तरतूद होते आणि ती रुग्णालयाकडे जाते. पगार, औषधं, ऑक्सिजन, चादरी यांवर ती खर्च होते. किंवा योजना असते. तिची अट लिहिलेली असते, कार्ड दाखवलं की उपचार मिळतात. इथे मत कुणाला दिलं याचा संबंध नाही. हा हक्काचा पैसा.

दोन, शिफारशीने. आमदार निधी, खासदार निधी, पालकमंत्र्यांच्या हातातली जिल्हा नियोजन समिती, मुख्यमंत्री सहायता निधी. इथे कुणीतरी सुचवतं, कुणीतरी मंजूर करतं. हा चिठ्ठीचा पैसा.

चिठ्ठीचा पैसा वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. गल्लीतली अडचण मंत्रालयातल्या फायलीला दिसत नाही, स्थानिक प्रतिनिधीला दिसते, म्हणून हे निधी सुरू झाले. खासदार निधी 1993 साली सुरू झाला. आज खासदाराला वर्षाला 5 कोटी रुपये सुचवता येतात. महाराष्ट्रात आमदारांचा निधी 2020 साली 3 कोटी झाला, 2021 मध्ये 4 आणि 2022 मध्ये 5 कोटी. करोनाच्या काळात याच निधीतून कितीतरी ठिकाणी उपकरणं आणि रुग्णवाहिका आल्या, आणि त्यांनी जीव वाचवले.

पण या पैशाचे दोन स्वभाव आहेत, ते ओळखून ठेवायला हवेत.

पहिला स्वभाव असा, की त्याला दिसणारी वस्तू आवडते. खासदार निधीच्या नियमातच आहे की टिकाऊ मालमत्ता उभी करावी, दरवर्षी लागणारा चालू खर्च त्यातून करू नये. म्हणजे रुग्णवाहिका येते. तिच्यावर नाव येतं, फोटो येतो, नारळ फुटतो. पण चालकाचा पगार आणि डिझेल कुठून आणायचं ते त्या निधीत नसतं. इमारत येते, परिचारिका येत नाहीत. यंत्र येतं, ते चालवणारा तंत्रज्ञ येत नाही. पगाराला आणि औषधाला फीत कापता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी धावपळ करणाराही कमी सापडतो.

याची किंमत काय असते ते 2023च्या ऑक्टोबरमध्ये अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बाळं होती. औषधांचा आणि माणसांचा तुटवडा असल्याचं बोललं गेलं. सरकारने औषधांचा तुटवडा नाकारला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला थेट विचारलं की औषध खरेदीची आणि रिक्त पदांची स्थिती काय आहे. न्यायालयाने काय विचारलं ते लक्षात घ्या. नवी इमारत कधी बांधणार हे विचारलं नाही. चालू खर्चाचं विचारलं. ज्यावर कुणाचा फोटो लागत नाही, नेमका तोच खर्च.

वरळी आणि आपण

दुसरा स्वभाव जास्त बोचरा आहे. चिठ्ठी देणारा हात आपलं आणि परकं पाहतो.

मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत 7 मार्च 2022ला संपली. निवडणूक झाली नाही. 2026च्या जानेवारीत ती झाली तोपर्यंत जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार होता. 227 नगरसेवक नाहीत, स्थायी समिती नाही, सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी नाही. मग वस्तीतली कामं कुणी सुचवायची? 2023च्या फेब्रुवारीत महापालिकेने धोरण आणलं, की आमदार-खासदारांनी कामं सुचवावीत आणि पालकमंत्र्यांमार्फत ती मंजूर व्हावीत. मुंबईच्या 36 विधानसभा मतदारसंघांसाठी मिळून 1,260 कोटी रुपये ठेवले गेले, म्हणजे एका मतदारसंघाला 35 कोटींपर्यंत.

पुढे काय झालं ते 'इंडियन एक्स्प्रेस' या दैनिकाने माहितीच्या अधिकारात कागद मिळवून 2024च्या जानेवारीत छापलं. सत्ताधारी बाजूच्या 21 आमदारांच्या मतदारसंघांना मिळून 500 कोटींहून जास्त निधी मंजूर झाला होता. विरोधी बाजूचे 15 आमदार होते. त्यांतल्या 11 जणांनी निधी मागितला होता. मंजूर एकालाही झाला नव्हता.

हा पैसा थेट हॉस्पिटलचा नव्हता, वस्तीतल्या नागरी कामांचा होता. पण आपल्यासारख्या वस्तीत आजार कुठून सुरू होतो? तुंबलेल्या गटारापासून, शौचालयाच्या रांगेपासून, पाण्याच्या पिंपात वाढणाऱ्या डासांपासून. गटार वाहतं झालं तर डेंग्यूचे चार रुग्ण कमी होतात. दवाखान्याचं पहिलं काम गटारच करतं.

आता हे आपल्या नकाशावर ठेवून पाहा. आपलं मच्छीमार नगर कुलाबा मतदारसंघात येतं. आपले आमदार राहुल नार्वेकर भारतीय जनता पक्षाचे आणि विधानसभेचे अध्यक्ष, म्हणजे आपण सत्तेच्या बाजूच्या यादीत. वरळी कोळीवाड्याचे आमदार आदित्य ठाकरे, विरोधी बाजूचे. धारावी कोळीवाडा तेव्हा काँग्रेसच्या वर्षा गायकवाड यांच्या मतदारसंघात होता. आता सांगा, आपल्यात आणि वरळीच्या कोळणीत फरक काय? समुद्र तोच. पहाटे उठून मासळी आणायची तीच, बर्फात हात घालून बोटं फुटायची तीच, डोक्यावर पाटी घेऊन मान आणि गुडघे झिजायचे तेच. आपल्या सुना वरळीच्या आणि आपल्या लेकी वरळीला दिलेल्या. मग एकीच्या गटाराला पैसा आणि दुसरीच्या गटाराला नाही, हे कुठल्या नियमात बसतं? डासाला मतदारसंघ कळत नाही.

कुणी म्हणेल, आपल्याला मिळालं ना, मग आपण कशाला बोलायचं? बोलायचं, कारण ही यादी पालटते. आपला आमदार सत्तेच्या बाजूचा आहे, पण दक्षिण मुंबईचे खासदार अरविंद सावंत विरोधी बाजूचे आहेत. म्हणजे एकाच घरातल्या दोन मतांपैकी एक या यादीत आणि दुसरं त्या यादीत. उद्या वारा फिरला की आपली गल्ली पलीकडे. मर्जीने मिळालेलं मर्जीने जातं.

आणि हे एकाच पक्षाचं दुखणं नाही. मुंबई महापालिकेत अखंड शिवसेनेची सत्ता होती, तेव्हा स्थायी समितीने निधी वाटताना आपल्या नगरसेवकांना झुकतं माप दिलं, अशी तक्रार विरोधात बसलेल्या भाजपची होती. 2022च्या जूनमध्ये एकनाथ शिंदे यांच्याबरोबर आमदार बाहेर पडले. त्यांनी दिलेल्या कारणांत हेही होतं, की अर्थखातं राष्ट्रवादीच्या अजित पवारांकडे आहे आणि आमच्या मतदारसंघांना निधी मिळत नाही. वर्षभराने तेच अजित पवार त्यांच्याच सरकारात येऊन पुन्हा अर्थमंत्री झाले आणि तक्रार करणारे बदलले. जोगेश्वरीचे तेव्हाचे आमदार रवींद्र वायकर निधीतल्या भेदभावाविरुद्ध उच्च न्यायालयातही गेले. जो विरोधात बसतो त्याला अन्याय दिसतो. तोच सत्तेत गेला की दिसेनासा होतो. म्हणून हा प्रश्न कुठला पक्ष चांगला याचा नाही. वाटायचा नियम लिहिलेला आहे की नाही, याचा आहे.

खुर्ची रिकामी झाली तेव्हा

आता मुख्यमंत्री सहायता निधीचं पाहू. मंत्रालय आपल्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर. तिथे दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेली माणसं हातात प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्ट घेऊन उभी असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, हॉस्पिटलने दिलेलं खर्चाचं पत्रक अशी कागदपत्रं द्यायची, मग ठराविक आजारांसाठी मदत मिळते. हजारो घरांना या मदतीने आधार दिला आहे, हे मान्य करायलाच हवं.

पण 2019च्या नोव्हेंबरमध्ये काय झालं ते आठवा. निवडणूक झाली, सरकार बनेना. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. मुख्यमंत्री नाही, म्हणून मुख्यमंत्र्यांचा वैद्यकीय मदत कक्षही बंद झाला. ज्यांचे अर्ज आत होते, ज्यांची शस्त्रक्रिया त्या पैशावर अडली होती, ती माणसं दारात उभी राहिली. ओरड झाल्यावर राज्यपालांमार्फत काम पुन्हा सुरू झालं. त्याच दिवसांत जे.जे. बंद नव्हतं. कामामध्ये बाळंतपणं होतच होती. कारण त्यांचा पैसा खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या नावाने येत नव्हता, अर्थसंकल्पातून येत होता. हक्काचा पैसा आणि चिठ्ठीचा पैसा यांतला फरक यापेक्षा स्पष्ट करून सांगता येणार नाही.

2025 साली मंत्रालयात उपमुख्यमंत्र्यांचाही वेगळा वैद्यकीय मदत कक्ष सुरू झाला. रुग्णाला मदत मिळत असेल तर कक्ष दोन असोत की दहा. पण ज्या राज्यात मदतीचे कक्ष वाढवावे लागतात, तिथे विचारायला हवं की नियमाचा रस्ता इतका अरुंद का आहे.

नावांची लढाई

योजनांची नावंही हीच गोष्ट सांगतात. 1997 साली युती सरकारने जीवनदायी योजना आणली. 2012 साली काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने नव्या रूपात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. आधी आठ जिल्ह्यांत, त्यांत मुंबईही होती, मग 2013 मध्ये राज्यभर. 2017 साली तिचं नाव महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. महापालिकेने 2022च्या नोव्हेंबरपासून दवाखाने उघडले, त्यांना बाळासाहेब ठाकरे यांचं नाव. दिल्लीत 2025 साली सरकार बदललं आणि मोहल्ला क्लिनिकच्या जागी आयुष्मान आरोग्य मंदिराच्या पाट्या येऊ लागल्या.

मोठ्या माणसांची नावं द्यायला हरकत नाही. धोका असा, की नाव वाचून आपल्याला वाटतं कुणीतरी आपल्याला दिलं. दिलेलं कुणीच नाही. आपण साबण घेतो, तेल घेतो, बोटीसाठी सामान घेतो, त्या प्रत्येकावर कर भरतो. पाटीवर नाव कुणाचंही असो, आतली गोळी आपल्या पैशाची आहे.

न दिसणारं राजकारण

आतापर्यंत आपण कुणाला मिळालं आणि कुणाला नाही ते पाहिलं. पण एकूण किती ठेवायचं, हेही राजकारणच असतं, आणि ते शांतपणे होतं. मुंबई महापालिकेचा 2024-25चा अर्थसंकल्प 59,954 कोटींचा होता. त्यात आरोग्याला 7,191 कोटी, म्हणजे 100 रुपयांतले 12. पुढच्या वर्षी, 2025-26 मध्ये, अर्थसंकल्प एकदम 74,427 कोटींवर गेला. आरोग्याला मिळाले साधारण 7,380 कोटी, म्हणजे 100 रुपयांतले 10. एकूण पैसा जवळजवळ चौथाईने वाढला, आरोग्याचा तीन टक्केही वाढला नाही. वाढलेला बराचसा पैसा मोठ्या रस्त्यांकडे आणि पुलांकडे गेला. रस्ते नकोत असं कोण म्हणेल? पण हे दोन्ही अर्थसंकल्प मांडले गेले तेव्हा सभागृहात आपला एकही नगरसेवक नव्हता. आरोग्याचा वाटा का घसरला, असं विचारणारं तिथे कुणी नव्हतं.

राज्याचंही पाहा. 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हटलं आहे की राज्यांनी आपल्या खर्चातला 8 टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्याला द्यावा. महाराष्ट्र वर्षानुवर्षं त्याच्या बराच खाली आहे. टोपलीत मासळीच थोडी असली की वशिल्याची किंमत वाढते. म्हणून वशिला कमी करायचा असेल तर टोपली मोठी करायला लागते.

नियमाने वाटता येतं का?

येतं. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्य सेवेचा पैसा कित्येक वर्षं जिथे आधीपासून मोठी हॉस्पिटलं होती तिथेच जास्त जात होता. लंडनला भरपूर, उत्तरेकडच्या कामगार गावांना कमी. 1976 साली एका समितीने सूत्र सुचवलं. कुठल्या भागात लोक किती, त्यांत म्हातारे किती, बायका किती, मृत्यूचं प्रमाण किती, हे मोजा आणि त्या गरजेप्रमाणे पैसा द्या. भांडणं मिटली नाहीत, पण भांडण सूत्रावर होऊ लागलं.

इतकं लांब जायचीही गरज नाही. महाराष्ट्रात विदर्भ-मराठवाड्याची तक्रार होती की पैसा राजकीय वजन असलेल्या भागाकडे वळतो. 1983 साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने कुठला जिल्हा रस्त्यांत, सिंचनात, आरोग्यात सरासरीपेक्षा किती मागे आहे ते मोजलं. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून घरोघरी पोचला. 1994 साली विकास मंडळं स्थापन झाली. 2020च्या एप्रिलमध्ये त्यांची मुदत संपली. सगळा अनुशेष भरला असं नाही. पण मोजल्यामुळे मागणाऱ्याच्या हातात आकडा आला. आकडा हातात असला की हात पसरावा लागत नाही.

आपण काय करायचं

आता कामाचं बोलू.

पहिलं, पत्र आणायला धावण्याआधी हक्काचा रस्ता तपासा. 2024च्या जुलैपासून महात्मा फुले योजनेत रेशन कार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. भरती होतानाच त्याला गाठा, बिल झाल्यावर नव्हे. योजनेचा फोन क्रमांक 155388. कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आजच बघून ठेवा. आजारपणात स्पेलिंग दुरुस्त होत नाही. लग्नानंतरचं नाव रेशन कार्डावर चढवायचं राहिलेल्या सुना आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांनी आधी ते काम करावं.

दुसरं, धर्मादाय हॉस्पिटलं. मोठी दिसतात म्हणून आपण आत जात नाही. पण उच्च न्यायालयाच्या 2006च्या आदेशाप्रमाणे या हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. आपल्या बाजूची बॉम्बे हॉस्पिटल, जसलोक ही त्यांच्यातलीच. उत्पन्नाचा दाखला काढलेला असू द्या, आणि तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटून याच खाटांबद्दल विचारा.

तिसरं, वस्तीची महिला आरोग्य समिती. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात 50 ते 100 घरांमागे बायकांची अशी एक समिती आणि तिला वर्षाला 5,000 रुपये, अशी तरतूद आहे. रक्कम छोटी, पण ती कुणाच्या पत्राशिवाय येते आणि कशावर खर्च करायची ते बायका ठरवतात. आपल्या आरोग्य केंद्रात विचारा: आमच्या वस्तीची समिती आहे का, तिच्यात कोण आहेत, गेल्या वर्षीचे पैसे कशावर गेले? त्याच अभियानात 50,000 लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र असावं, असंही प्रमाण आहे. आपल्या केंद्राच्या वाट्याला किती लोक येतात, तेही विचारा.

चौथं, माहितीचा अधिकार. दहा रुपयांत अर्ज होतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. 500 कोटींची ती यादी जगासमोर आली ती याच कायद्यामुळे. फोर्टमधल्या ए विभाग कार्यालयात आपणही अर्ज टाकू शकतो: गेल्या तीन वर्षांत आमच्या वस्तीसाठी कुठली कामं मंजूर झाली, कुणाच्या शिफारशीने आणि कुठल्या नियमाने? शेवटचा प्रश्न विसरू नका.

पाचवं, आता सभागृहात नगरसेवक आहेत. ते फीत कापायला आले की हार जरूर घाला, पण एक प्रश्नही विचारा: दवाखान्यात औषधं नियमित यावीत म्हणून तुम्ही सभागृहात काय बोललात? महापालिकेचा अर्थसंकल्प दर फेब्रुवारीत मांडला जातो. आपली मागणी त्याआधी, डिसेंबर-जानेवारीत, लेखी गेली पाहिजे. 2025च्या अर्थसंकल्पाआधी महापालिकेने लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. त्यांत कोळीवाड्यातल्या बायकांची पत्रं किती गेली असतील, ते तुम्हीच सांगा.

आणि वेळ आलीच, तर साहेबांच्या पत्रालाही नाही म्हणू नका. घरात माणूस तळमळत असताना तत्त्वं सांगत बसायचं नसतं. मदत घ्या. फक्त बरं वाटल्यावर त्या मदतीला उपकार म्हणू नका, आणि मतदानाच्या दिवशी त्याची परतफेड करायला जाऊ नका. उलट त्या साहेबांना सांगा, की मला पत्र दिलंत, चांगलं केलंत, आता असं करा की माझ्या शेजारणीला पत्र लागूच नये. वरळीच्या माझ्या बहिणीलाही नाही.

पुढच्या वेळी रेशन कार्ड आणि आधारमधल्या नावांची दुरुस्ती कुठे आणि कशी करायची, त्याची सविस्तर माहिती घेऊ. तोवर आपापली कार्डं कपाटातून काढून एकदा तपासून ठेवा.